पास्टरेट कमिटीतली खुर्ची

पुणतांबा बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते चांगदेवांच्या समाधीमुळे आणि २०१७ पासून शेतकरी संपामुळे. आमच्या वाचकांनी, म्हणजे पाळकांनी, पंचांनी आणि मंडळीच्या सेवकांनी, या गावाकडे जंक्शन म्हणूनही पाहावे. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी बांधलेली दौंड–मनमाड लाइन १८७८ मध्ये सुरू झाली. तिला पुणतांब्याहून शिर्डीचा फाटा २००९ मध्ये फुटला. पुढे २०१७ मध्ये शिर्डीजवळच्या काकडीला विमानतळ झाला आणि २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. या वाटांनी भाविक आले, आणि त्यांची सोय बघणारी माणसेही आली: लॉज-भोजनालयांत राबणारी हिंदी भाषक पोरे, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, मोठ्या दवाखान्यांतल्या मल्याळी परिचारिका. यांतले काही जन्माने ख्रिस्ती आहेत, बहुतेक नाहीत. नगरपासून राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावपर्यंतच्या याच पट्ट्यात मिशनच्या काळातली दगडी चर्चे उभी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत रविवारी पुढचे दोन बाक भरले तरी समाधान मानायचे दिवस आले आहेत. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला गेली; गावात आईवडील राहिले. चर्च ओस पडत आहे आणि त्याच्या फाटकाबाहेर गर्दी वाढते आहे, या दोन गोष्टींचा एकत्र विचार करायला आपण अजून बसलेलो नाही.

विचार होतो तेव्हा एक तोडगा चटकन सुचतो. आपली मराठी उपासना सकाळी आटोपली की दुपारी हॉल रिकामाच असतो, तर तो हिंदी किंवा तेलुगू मंडळीला द्यावा. थोडे भाडे येईल, वीजबिल भागेल. पुण्या-मुंबईत एकाच इमारतीत तीन-चार भाषांच्या उपासना वेगवेगळ्या वेळी चालतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण याला मंडळीचे पुनरुज्जीवन म्हणू नये. दुपारची मंडळी वाढते, सकाळची जाग्यावरच म्हातारी होते, आणि दोघींची गाठ पडते ती किल्ली देता-घेताना. आमचे म्हणणे असे की, मरगळलेली शहरी मंडळी परक्यांना जागा दिल्याने उभी राहत नाही, ती कारभार वाटून घेतल्याने राहते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न यरुशलेमेच्या मंडळीपुढे येतो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार आली. प्रेषितांनी त्यांच्यासाठी वाटपाची वेगळी वेळ ठरवली नाही. सात माणसे निवडायला सांगून त्यांनी वाटपच त्यांच्या हाती सोपवले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांकडे कोठाराची जबाबदारी गेली. आपल्याकडे त्या सातांतल्या स्तेफनावर प्रवचने पुष्कळ होतात. त्याची निवड कशासाठी झाली होती हे त्यांत क्वचितच येते.

नगर जिल्ह्याला तर हे नवे वाटायला नको. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस हरिपंत खिस्ते यांच्यासारखे ब्राह्मण तेथल्या मंडळीत आले, जिथे महार सभासद होते. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणे हे त्या काळच्या नगरात आज कल्पना करता येणार नाही एवढे मोठे पाऊल होते. याच्या अर्ध्या शतकानंतर, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला म्हणून रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे नगरच्या त्या प्याल्याचे वजन कळते. पुढे खेड्यापाड्यांतून मंडळ्या वाढल्या त्या भावकीच्या, सोयरिकीच्या वाटेने, मुख्यतः महारवाड्यांतून आणि काही ठिकाणी मांगवाड्यांतून. वाढ खरी होती, तिने माणसांना माणूसपण दिले. पण गावोगावची मंडळी एकाच समाजाची होऊन बसली. आज स्थळ पाहताना मूळची जात विचारली जातेच, आणि पंचहौदच्या गोष्टीवर हसणारे आपणच ती विचारतो. गंमत अशी की, आपल्या संस्था कधीच एका समाजाच्या नव्हत्या. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेले अहमदनगर कॉलेज असो की मुक्तिफौजेचे बूथ हॉस्पिटल, तिथे सगळ्या जिल्ह्याने शिक्षण घेतले, औषधपाणी घेतले. हरेगावच्या मतमाउलीला दर सप्टेंबरात सर्व धर्मांचे लोक लोटतात. कॉलेज, दवाखाना आणि यात्रा सर्वांची, आणि रविवारची उपासना तेवढी घरच्यांची, अशी ही विभागणी आपण स्वतःच्या हातांनी केली आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मिशनशास्त्रातूनच येतो. डोनाल्ड मॅकगव्हरन हे मध्य प्रदेशातल्या दमोहला १८९७ मध्ये जन्मलेले आणि मध्य भारतातच राबलेले मिशनरी. 'द ब्रिजेस ऑफ गॉड' (१९५५) आणि नंतरच्या लेखनातून त्यांनी मांडले की, जात, भाषा किंवा वर्ग न ओलांडता ख्रिस्ताकडे येता आले तर लोक येतात, आणि म्हणून मंडळ्या एकजिनसी असल्या तर वाढतात. हे निरीक्षण भारतातल्या सामुदायिक चळवळींवर आधारलेले होते आणि नगरच्या खेड्यांना ते तंतोतंत लागू पडते. पण ते मंडळी कशी सुरू होते याचे उत्तर देते. सुरू झालेली मंडळी शंभर वर्षांनी शहरात कशी टिकते, याचे देत नाही. ज्या सोयरिकीच्या वाटेने आपण वाढलो ती वाट आता बंद आहे. १९५६ नंतर त्याच भावकीतले बहुसंख्य लोक बौद्ध झाले, आपली मुले शहरांत पांगली, आणि जंक्शनच्या, बाजारपेठेच्या गावात शेजारी भावकीतला असण्याचे दिवसच राहिले नाहीत. एकजिनसीपणा हा एकेकाळी वाढीचा रस्ता होता. आज तो हिशेबात फक्त वजाबाकी दाखवतो.

बाहेरच्या जगाचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडात गेलेले लोक बहुतांशी चर्चमध्ये वाढलेले होते. पण कित्येक इंग्रज मंडळ्यांनी त्यांना थंडपणे वागवले, काहींनी तर पुन्हा येऊ नका असे सुचवले. त्यांनी आपल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या केल्या, त्या भरभराटल्या, आणि ज्यांनी दार लावले त्यांच्या शहरी इमारती रिकाम्या होत गेल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडने २०२० मध्ये याबद्दल माफी मागितली, तोवर दोन पिढ्या उलटल्या होत्या. अमेरिकेत उलट चित्र दिसते: बहुवंशीय म्हणता येतील अशा मंडळ्या १९९८ मध्ये शंभरात सहा होत्या, वीस वर्षांत सोळा झाल्या. म्हणून हुरळून जाऊ नये. कोरी एडवर्ड्स यांनी २००८ च्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले की, अशा मंडळीत माणसे सर्व वर्णांची असली तरी संगीत, शिस्त, निर्णयाची रीत गोऱ्यांचीच राहते, आणि जुळवून घेण्याचे ओझे नव्याने आलेल्यांवर पडते. बाकावर शेजारी बसणे ही सुरुवात झाली. कोणाच्या सहीने पैसे निघतात ते पाहावे लागते.

दुसरा आक्षेप मराठीचा, आणि तो आम्हांला जिव्हाळ्याचा आहे. १८४२ मध्ये नगरला निघालेला 'ज्ञानोदय', कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांची गीते, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', हा वारसा हिंदी-इंग्रजी समूहगीतांच्या लाटेत वाहून जाईल, अशी भीती आहे. भीती खोटी नाही. पण टिळकांनी केले काय, हे विसरून चालणार नाही. भाषांतरित सुरांची सवय झालेल्या मंडळीत त्यांनी अभंग-ओवीची चाल आणली, कारण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती कळत होती. आणि १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांसाठी. वारसा म्हणून ज्याचे रक्षण करायचे, तेच मुळी दार उघडल्याने जन्माला आले. शिवाय इथे स्थिरावणाऱ्या मजुराची मुले मराठी शाळेतही जातात. त्यांना मराठी भजन शिकवायला बसणारा संडे स्कूलचा शिक्षक मराठीसाठी जेवढे करील तेवढे आपली चारचौघांत केलेली हळहळ करणार नाही. उपासना मराठीतच असावी. पण एक वाचन तेलुगूत, एक प्रार्थना हिंदीत झाली तर मराठीचे काही बिघडत नाही, आणि ते वाचणाऱ्याचे नाव मात्र मंडळीला ठाऊक होते.

तिसरी धास्ती धर्मांतराच्या आरोपाची. परप्रांतीयांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग किंवा दवाखान्याची वाट दाखवणारे मदतकेंद्र चालवले की बोट दाखवले जाईल, म्हणून काहीच न केलेले बरे, असे काही पंच म्हणतात. याला उत्तर उघडेपणाचे आहे: वर्ग दिवसाढवळ्या, दार उघडे, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवून, शिक्षकांत इतर धर्मांचेही लोक, आणि मदतीला कोणतीही अट नाही. सेवेच्या वहीत बाप्तिस्म्याचा रकाना असता कामा नये. ज्यांना ही अट जाचक वाटते त्यांनी वर्ग सुरूच करू नये.

उरला तो आक्षेप बैठकीत कोणी मोठ्याने मांडत नाही: नवे सभासद म्हणजे नवे मतदार, आणि मतदार बदलले की मिळकत जाईल. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनींवरून ठिकठिकाणी कोर्टकचेऱ्या चालू असताना ही शंका येणे समजण्यासारखे आहे. पण सभासद जितके थोडे, तितका मिळकतीचा निर्णय थोड्यांच्या सहीवर होतो. जागरूक मतदार वाढले तर व्यवहार अंधारात करणे अवघड होते. आधीच्या मंडळीचे पत्र, ठरावीक काळाची नियमित हजेरी आणि वर्गणी, या अटींवर नव्या माणसाचे नाव यादीत यावे, आणि यादीत आल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पहिल्याच निवडणुकीत त्याला उभे राहण्याची मोकळीक असावी. त्याच्या भाषकांसाठी वेगळी उपसमिती काढून त्याला तिथे बसवू नये. आर्थिक वर्ष संपायच्या आत बहुतेक मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतील. त्याआधी मतदार यादी काढून पाहावी. वीस वर्षे पुण्यात राहून नाताळाला येणाऱ्यांची नावे तिच्यात असतील आणि दर रविवारी दाराजवळच्या बाकावर बसणाऱ्या लॉजच्या पोराचे नसेल, तर सभेची सूचना लागण्याआधी ती दुरुस्त करावी.