टायरला भेगा पडल्या. गाडी काढावी काय?

आपल्या लोकांच्या दारात आता गाड्या दिसू लागल्या आहेत. बहुतेक जुन्या घेतलेल्या, पुष्कळशा हप्त्यावरच्या, पण आल्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषयही बदलले. पूर्वी रेशनकार्ड, जातीचा दाखला, प्रॉव्हिडंट फंड यांचीच विचारणा असे. या खेपेला एका निवृत्त शिक्षक बंधूंनी टायरविषयी विचारले आहे.

गुरुजींनी दोन वर्षांपूर्वी सात जणांची जुनी गाडी घेतली. महिन्याला ती फार तर शे-दीडशे किलोमीटर फिरते. टायरची नक्षी चांगली खोल आहे, पण बाजूच्या भागावर, ज्याला दुकानदार साइडवॉल म्हणतात, बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. टायरवाला म्हणतो चारही बदला. मेहुणे म्हणतात, त्याला माल खपवायचा आहे, तो दुसरे काय सांगणार? पुढच्या महिन्यात लेकीला बाळंतपणासाठी आणायला समृद्धी महामार्गाने नागपूरहून ठाण्याला जायचे आहे, आणि येताना ती गाडीत असणार आहे. जावे की नाही?

मेहुण्यांचा संशय अगदीच चुकीचा नाही. भेग दिसली म्हणजे टायर बाद, असे नसते. टाचेला भेगा पडतात तेव्हा आपण सगळ्याच भेगांना घाबरत नाही. कातडी नुसती खरखरीत झाली असेल तर तेल लावून कामाला लागतो. भेग उलून आत लाल दिसू लागली की मात्र पाय टेकवत नाही. टायरचेही तसेच आहे.

रबराला हवेतला ओझोन वायू आणि ऊन यांचे वावडे असते. म्हणून टायर बनवताना रबरात मेण आणि काही रसायने मिसळतात. गाडी चालते तेव्हा टायर दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा ताठ होतो, आणि या हालचालीने ते मेण हळूहळू वर येऊन रबरावर पातळ पांघरूण घालते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम मंदावते. म्हणजे ‘गाडी वापरलीच नाही हो, टायर नवेच आहेत’ हे जुनी गाडी विकणाऱ्याचे आवडते वाक्य उलटे ऐकले पाहिजे. वापर कमी म्हणून नक्षी शाबूत राहिली. रबर मात्र वयाने वाळत राहिले. आपल्याकडच्या उन्हात, त्यातही विदर्भाच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे, विचारूच नका.

आता पाहायचे कसे? गाडी सपाट जागी लावावी. टायर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावेत, कारण काळे चकचकीत पॉलिश मारले की भेगा झाकल्या जातात. जुनी गाडी घ्यायला जाल आणि टायर नवरदेवाच्या बुटासारखे चमकत असतील तर आधी ओले फडके मागा. पुढची चाके पूर्ण वळवून घ्यावीत, म्हणजे आतली बाजूही दिसते. बॅटरीच्या उजेडात टायरचा जमिनीलगतचा भाग नीट पाहावा. तिथे वजनाने टायर फुगतो आणि वर मिटलेली भेग खाली तोंड उघडते. मग गाडी अर्धे चाक पुढे सरकवून उरलेला भाग पाहावा.

नुसते जाळे, कोळ्याने विणल्यासारखे, नखाला न लागणारे, ही वरवरची सुकलेली कातडी. तेवढ्यावरून टायर टाकू नये, पण लक्ष ठेवावे. भेगेत नख अडकत असेल, अंगठ्याने दाबल्यावर ती उघडत असेल, दोन-तीन भेगा मिळून एक लांब रेघ झाली असेल, तर टायर उतरवावा. भेगेत धागा दिसला तर त्या टायरवर गाडी दुकानापर्यंतसुद्धा नेऊ नये; स्टेपनी लावावी. टायरच्या बाजूची ताकद रबरात नसते, आतल्या धाग्यांत असते. भेगेतून पाणी आणि हवा तिथपर्यंत पोचली की धागे आणि रबर यांची पकड सुटू लागते. रिमच्या बाजूने गोल फिरत जाणारी भेगही वाईट. कमी हवेवर किंवा जादा वजनावर गाडी पळवल्याची ती अनेकदा खूण असते, आणि अशा टायरच्या आतली हानी बाहेरून पुरती दिसत नाही.

हात फिरवताना कुठे फुगा लागला तर भेगांचा विचारच सोडा. खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटून तो येतो, आणि त्यावर इलाज नाही. बाजूला पडलेले छिद्रही पॅच लावून चालवू नये, पंक्चरवाला कितीही ओळखीचा असला तरी. उलट, बाजूवर आत दबलेली एखादी उभी रेघ दिसली तर सहसा घाबरायचे कारण नसते; आतल्या थरांचा सांधा तिथे असतो.

पण डोळ्यांनी सगळे कळत नाही, म्हणून टायरचे वय वाचायला शिकावे. टायरच्या बाजूवर डीओटी या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे चार आकडे पुष्कळदा एकाच बाजूला छापलेले असतात आणि तीच बाजू आत बसवलेली असते. बाहेर सापडले नाहीत तर वाकून आत पाहावे. मोठ्या टायर कंपन्यांचे सांगणे असे की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की तो कितीही चांगला दिसो, काढावा. हे स्टेपनीलाही लागू आहे.

गुरुजींनी फोटो पाठवला आहे. त्यातले आकडे आहेत ३२१५. म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टचा महिना. दहा वर्षे उलटून गेली.

मेहुणे इथेही म्हणतील की नक्षी आहे ना! कायद्याची १.६ मिलिमीटरची अट नक्षीपुरती आहे. ती रबराचे वय सांगत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये बेटावरच्या एका संगीत महोत्सवाहून तरुण मुलांना लिव्हरपूलकडे नेणाऱ्या बसचा पुढचा टायर हाइंडहेडजवळ फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघे गेले. त्यांत मायकेल मोलॉय हा १८ वर्षांचा मुलगा होता. तो टायर १९ वर्षांचा निघाला, म्हणजे त्या मुलापेक्षा वयाने मोठा. आणि तरी कायद्याने त्यावर बंदी नव्हती! मायकेलच्या आईने, फ्रान्सिस मोलॉय यांनी, वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी झाली. खासगी मोटारी त्या बंदीत नाहीत. तिथे मालकाने स्वतःच विचार करायचा.

तेव्हा गुरुजी, या टायरांवर समृद्धीने जाऊ नका. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारीला ताशी १२० ची मुभा, गाडीत सात माणसे आणि बाळंतिणीचे सामान. जोराने तासन्‌तास पळताना टायर दबून-उठून आतून तापतो, आणि वाळलेले रबर तेवढा ताप सोसत नाही. गावात भाजी आणायला जाणे वेगळे. पैशांची सोय झाली नसेल तर रेल्वेने जा.

आम्ही पडलो कारकून, म्हणून हिशेबही मांडतो. टायर पाच हजारांचा धरला तर चार टायरांचे वीस हजार. सहा वर्षे चालले तर महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास पडतात. मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. करापूर्वी ४,००० चा टायर पूर्वी ५,१२० ला पडे, तो आता ४,७२० ला. चार टायरांत १,६०० रुपये वाचतात. दुकानदाराने जुन्या दराने बिल केले तर ऐकून घेऊ नका. आणि घेताना नव्या टायरचेही चार आकडे वाचा. ज्यांचे चारातले दोनच बाद आहेत त्यांनी नवे दोन मागे लावावेत. कारागीर पुढे लावू म्हणेल. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे जास्त कठीण जाते.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. किती पौंड ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नव्हे.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्याही कामाचे हे आहे. लग्नाला, दीक्षाभूमीला आपण जीप ठरवतो. भाव करतो, एसी आहे का, गाणी लागतात का विचारतो. टायर कोणी पाहत नाही, आणि पाहिला तर चालकाला राग येईल अशी भीड वाटते. येऊ द्या. आपल्या भगिनींनी तर अवश्य पाहावे. चार आकडे वाचायला दोन मिनिटे लागतात.

एक राहिले. गुरुजी, उतरवलेले टायर दुकानात तसेच टाकून येऊ नका. ते पॉलिश होऊन आपल्यापेक्षा गरिबाच्या गाडीला लागतात. बैलगाडीला किंवा हातगाडीला कोणी मागितले तर द्या; नाहीतर कारागिराला सांगून समोर बाजूने कापून घ्या आणि मगच निघा.