नुसता आकडा देऊन गप्प बसा म्हणे!

बुलेटिन बोर्डांच्या यादीत बोर्डाचा पत्ता कसा छापावा, यावर एका जाणकारांनी निकाल देऊन टाकला आहे: आयपीचा आकडा द्या आणि गप्प बसा. नाव म्हणजे नोंदणीवाल्यांची खंडणी. पोर्ट लिहिणे म्हणजे वाचकाला अडाणी समजणे, कारण टेलनेट म्हटले की २३ आलाच. आणि मोडेमच्या काळात आम्ही नुसत्या फोन नंबरावर बोर्ड पालथे घातले!

पालथे घातले असतील, पण नुसत्या नंबरावर? १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी बोर्ड सुरू केला तेव्हा एक नंबर पुरला, कारण दुसरा बोर्डच नव्हता. १९८४ मध्ये बोर्डांना एकमेकांशी जोडणारे फिडोनेट आले. त्याच्या नोडलिस्टची, म्हणजे बोर्डांच्या यादीची, ओळ या साहेबांनी कधी वाचली असावी असे वाटत नाही. तीत नोड क्रमांक, बोर्डाचे नाव, गाव, सिसॉप (बोर्डचालक), फोन नंबर आणि त्याला लागूनच मोडेमचा वेग असे. पुढे खुणा: मोडेम कोणत्या जातीचा, टपाल चोवीस तास घेणार की ठरलेल्या वेळीच. शिवाय दर आठवड्याला यादीत दुरुस्त्या निघत. ज्या सुवर्णयुगाच्या शपथा घेता, ते युग तुमच्यापेक्षा बरेच बडबडे होते! वेग छापायचा कशाला, ज्याला गरज त्याने शोधावा, असे म्हणणारे तेव्हाही भेटत. त्यांचा वंश खुंटलेला नाही, एवढेच.

आयपीबद्दल एकच ओळ: घरगुती जोडणीचा आकडा राउटर बंद करून चालू केला तरी बदलू शकतो.

आणि २३ आलाच? २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने उघडी टेलनेट-दारे ठोठावत कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले. काही इंटरनेट कंपन्या २३ अडवतातच. म्हणून कितीतरी सिसॉप भलत्याच पोर्टावर बसले आहेत. जुन्या कमोडोर संगणकांचे बोर्डवाले तर ६४०० वर सर्रास सापडतात. वाचकाने काय, एकापासून ६५,५३५ पर्यंत दारे वाजवत फिरावे?

तेव्हा नाव, पोर्ट, टेलनेट की एसएसएच, आणि बोर्ड शेवटचा कधी लागला ती तारीख, एवढे छापा. कमोडोरची अक्षरे लागत असतील तर तेही. खंडणीचे म्हणाल, तर बदलत्या आयपीला नाव जोडून देणाऱ्या सेवा फुकटही मिळतात.