साहेब जाग्यावर आहेत का, हे पाटीवर दिसू द्या

समृद्धी महामार्ग आपल्या वाशिम जिल्ह्यातून जातो. तिथल्या टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग रेडिओलहरींनी वाचला जातो, नंबर सर्व्हरला पोचतो, पैसे कटतात, आणि नाका मागं पडतो न पडतो तोच मोबाईलवर मेसेज. त्या टॅगमध्ये बॅटरीसुद्धा नसते. तसलीच चिप ओळखपत्रात बसवता येते, बऱ्याच कचेऱ्यांत ती आहेच.

मग मानोऱ्याकडचा शेतकरी वाशिमला जिल्हा परिषदेत येतो, तेव्हा त्याला दारावरच्या शिपायालाच का विचारावं लागतं? "साहेब मिटिंगले गेले भौ, उद्या या." झालं! एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेल्या रोजाला कोण सवलत देतं?

हजेरीची यंत्रं नाहीत असं नाही. आधी अंगठा, मग कार्ड, आता चेहरा. पण त्या यंत्राचं तोंड पगारपत्रकाकडे आणि पाठ लोकांकडे. माझी मागणी साधी आहे. कार्ड टेकवलं की तीच नोंद दारावरच्या स्क्रीनवर यावी: हजर, दौऱ्यावर, रजेवर, परत कधी आणि तोवर चार्ज कोणाकडे. तीच माहिती फोनवरही दिसावी, म्हणजे माणूस घरून निघायच्या आधी बघेल.

"कर्मचाऱ्यांवर पाळत कशाला?" असं कोणी म्हणेल. मंडळी, रोजगार हमीच्या मजुराचं काय? सार्वजनिक कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मोबाईल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो, जागेच्या नोंदीसह. ते फोटो वेबसाईटवर कोणीही बघावेत! 2025-26 मध्ये तिची मजुरी दिवसाला 312 रुपये. उन्हात माती उचलणाऱ्या बाईची हजेरी साऱ्या देशाला दिसते आणि पंख्याखालच्या खुर्चीची हजेरी गुपित. हा न्याय मला तरी कळत नाही. मी तर अधिकाऱ्याचा फोटोही मागत नाही. रजेचं कारण, आजारपण, दिवसभराचा ठावठिकाणा यातलं काहीच स्क्रीनवर नको.

दुसऱ्याचं कार्ड टेकवता येतं, हे खरं. पण आज ती लबाडी बंद खोलीत खपते. स्क्रीनवर "हजर" आणि समोर खुर्ची रिकामी, हे व्हरांड्यातल्या दहा जणांना दिसलं की बोंब होणारच.

तलाठी-ग्रामसेवकांनी तर हे स्वतःहून मागावं. एकेकाकडे अनेक गावं, पंचनामे, वर निवडणुकीची कामं. बिचारा खरंच शिवारात असतो आणि गावात मात्र "गायब" म्हणून बदनाम होतो. दौरा नोंदलेला दिसला तर ही बदनामी बरीच थांबेल.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा, मुदत आणि जबाबदार अधिकारी यांचा फलक लावणं बंधनकारक आहेच. त्याच फलकाशेजारी हा स्क्रीन लावा. मानोरा तहसीलपासून सुरुवात करा. अक्षरं मराठीत, मोठी. आणि वीज गेली तर शिपायाने खडूने लिहायला खाली एक काळी पाटीही ठेवा, भारनियमन आपल्याला काही नवं नाही.