गिलावा नवा, भिंत जुनीच

पावसाळा सरला की मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील जुन्या इमारतींभोवती बांबूच्या परांच्या उभ्या राहू लागतात. फुगलेला गिलावा ठोकून काढला जातो, गंजलेल्या सळया घासल्या जातात, भेगा बुजतात आणि चार-सहा महिन्यांनी इमारत पुन्हा तरुण दिसू लागते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी मुंबई महापालिकेच्या अधिनियमानेच सक्तीची केलेली असल्यामुळे हा उद्योग यापुढे वाढतच जाणार. या कामासाठी संस्थेच्या सर्वसाधारण सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. परंतु त्यांतील निम्मा वेळ रंगाची छटा कोणती असावी यावर खर्ची पडतो. भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचा विषय सहसा निघतच नाही.

वस्तुतः हा विषय काढण्याची तीच एक वेळ असते. बाहेरून भिंतीला उष्णतारोधक थर द्यायचा तर परांची लागते, जुना गिलावा काढावा लागतो आणि नवा चढवावा लागतो. हा सारा खर्च दुरुस्तीसाठी होतच असतो. वर पडतो तो केवळ त्या थराचा आणि तो बसविण्याच्या मजुरीचा. परांची एकदा उतरली की पुढची पंधरा-वीस वर्षे संधी गेली. थंड देशांनी हे तारतम्य केव्हाच ओळखले. जर्मनीच्या २०२० च्या इमारत-ऊर्जा कायद्याने तर, काही अपवाद वगळता, दहा टक्क्यांहून अधिक भिंतीचा गिलावा नव्याने करणाऱ्या मालकावर ती भिंत उष्णतारोधक करण्याचे बंधन घातले. तिकडे प्रश्न घरातली ऊब राखण्याचा, आपल्याकडे बाहेरची आग अडविण्याचा. भौतिकशास्त्र मात्र एकच.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदाची घरे आणि त्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती हा उन्हाळ्याला दिलेला विचारपूर्वक जबाब होता. काँक्रीटच्या सांगाड्याने भिंतीवरचा भार काढून घेतला आणि भिंत सहा-नऊ इंचांवर आली. आता तर विटाही गेल्या. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आल्या, आणि काँक्रीट उष्णता विटेहून अधिक सहज वाहून नेते. नऊ इंची विटेच्या भिंतीवर दुपारी पडलेले ऊन आत पोहोचायला सहा-सात तास घेते. म्हणजे पश्चिमेच्या खोलीत झोपणाऱ्याला दुपारचे ऊन रात्री दहा वाजता भोगावे लागते! पाच सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा थर जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला विटांची सुमारे मीटरभर जाडीची भिंत लागेल.

तथापि, सगळी इमारत गुंडाळून टाका असा आग्रह धरणे शहाणपणाचे नव्हे. आपल्या अक्षांशावर एप्रिल-मे महिन्यांत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन थोडेच लागते. तापतात त्या गच्ची आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. म्हणून पहिला पैसा गच्चीवर आणि दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर खर्च व्हावा. शिवाय नुसत्या थराने घर गार होत नाही. दुपारी खिडक्या मिटून रात्री त्या सताड उघडल्या, तरच आतली भिंत गारवा धरून ठेवते; अन्यथा आत शिरलेली उष्णता बाहेर पडायलाच नाखूश असते.

मुंबई-कोकणात आणखी एक अडचण आहे. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो तीच पश्चिमेची भिंत. ओल न काढता, भेगा न बुजवता तिच्यावर थर चढवला तर पाणी आत कोंडेल आणि सळयांचा गंज डोळ्यांआड वाढत राहील. खिडक्यांच्या जाळ्या, कपडे वाळत घालण्याचे दांडे, वातानुकूलन यंत्रांचे आधार हे सारे थराला भोके पाडूनच बसवले जाते, आणि त्यातील प्रत्येक भोक पावसाला आमंत्रण असते. आगीचा धोका त्याहून गंभीर. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर नूतनीकरणात बसविलेल्या ज्वलनशील आवरणाने १४ जून २०१७ रोजी पेट घेतला आणि ७२ माणसे दगावली. तिथेही उद्देशांत भिंतींतून वाया जाणारी ऊब वाचवणे हा एक होताच. उंच इमारतींना म्हणूनच खनिज तंतूंचा, न जळणारा थरच हवा. तो महाग पडतो, पडू द्यावा.

खरा तंटा मात्र तंत्राचा नाही, पैशाचा आहे. लाभ पश्चिमेकडच्यांना आणि वरच्या मजल्याला, वर्गणी सर्वांची, हे कसे, असा सवाल सभेत हमखास येईल. पण गच्चीतून गळणारे आणि बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पाणी थांबविण्याचा खर्च संस्थेनेच करावा, हे सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनी मान्य केले आहे. तिथे तळमजल्यावरचा सभासद तक्रार करीत नाही. सामाईक भिंतीतून येणारे पाणी जर सर्वांची जबाबदारी, तर त्याच भिंतीतून येणारी उष्णता एकट्याचे दुर्दैव कसे? ज्याची ऐपत आहे तो यंत्र बसवून आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडे ढकलतो. ज्याची नाही असा निवृत्त वृद्ध रात्रभर तळमळतो.

केंद्राच्या इको निवास संहितेने २०१८ मध्ये नव्या निवासी इमारतींच्या बाह्य कवचातून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा सुचविली. नव्यांसाठी हे ठीकच. परंतु येती अनेक वर्षे बहुसंख्य लोक राहणार ते आज उभ्या असलेल्या इमारतींतच. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. महाराष्ट्राने निदान एवढे करावे: दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात गच्ची व पश्चिमेची भिंत उष्णतारोधक करण्याचा वेगळा दर अभियंत्याने लिहून द्यावा, असा नियम करावा. सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संचयासाठी पुण्यात मिळकत करात सूट देण्याची प्रथा पडलीच आहे. तिच्यात या कामाचीही भर घालता येईल. थर घ्यायचा की नाही हे सभेने ठरवावे, पण आकडा समोर ठेवून, आणि परांची बांधली जाण्यापूर्वी.