बागची भिंत आणि आपले रसग्रहण

आपल्या शाळांतून चित्रकला आहे, संगीतही आहे. पण चित्र पाहणे आणि गाणे ऐकणे ह्या दोन गोष्टी मात्र कोणी शिकवीत नाही. चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली एक झोपडी आणि नदी. संगीताच्या नावाखाली प्रार्थना, पाहुण्यांसाठी स्वागतगीत आणि स्नेहसंमेलनापुरता एक समूहनाच. ज्याचा हात बरा तो एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसतो. ज्याचा गळा बरा तो प्रारंभिक-प्रवेशिका देतो. ह्या परीक्षांना मी नावे ठेवीत नाही, त्यांनी अनेकांचे आयुष्य घडवले आहे. पण पन्नासांच्या वर्गात असे किती? चार, फार तर पाच. उरलेल्या पंचेचाळीसांना आपण शाळेतूनच सांगून टाकतो की बाबांनो, कला हा तुमचा प्रांत नव्हे.

रसग्रहण म्हणाल, तर ते भाषेच्या प्रश्नपत्रिकेत आहे. कवितेच्या चार ओळी द्यायच्या आणि मुलांनी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये ह्या ठरलेल्या रकान्यांत उत्तर बसवायचे. कविता न वाचता रसग्रहण पाठ केलेले विद्यार्थी दरवर्षी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसतात. उद्या संगीताचे रसग्रहण अभ्यासक्रमात आले, तर भीमपलासीचे मार्गदर्शक बाजारात यायला महिनाही लागणार नाही!

हे सारे मनात घोळत होतेच. ते पक्के झाले माळव्याच्या सहलीत. धार-मांडू पाहून आम्ही विद्यार्थ्यांसह बागला गेलो. धार जिल्ह्यातले हे लहानसे गाव. गावापासून काही किलोमीटरवर बाघिनी नदीच्या काठी वालुकाश्मात कोरलेल्या बौद्ध गुंफा. मूळच्या नऊ, त्यांतल्या पाचच आज बऱ्या अवस्थेत आहेत. दुसऱ्या गुंफेत १९२९ साली माहिष्मतीच्या सुबंधु राजाचा ताम्रपट सापडला. विहाराच्या डागडुजीसाठी आणि पूजेअर्चेसाठी दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. चौथी गुंफा ती 'रंगमहाल'. चौथी आणि पाचवी जोडणारा सुमारे २२० फुटांचा ओसरा होता. त्याचे खांब कधीच कोसळले, पण मागच्या भिंतीवरची चित्रे अजिंठ्याच्या तोडीची मानली जातात. मातीच्या गिलाव्यावर काढलेली ही चित्रे झिजत, धुरकटत चालली होती, म्हणून १९८२ साली ती भिंतीवरून उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली.

आम्ही पोहोचलो तेव्हा एका शाळेची सहल तिथे आलेली होती. मुलांना रांगेत उभे केले होते. शिक्षक सांगत होते आणि मुले वहीत उतरवीत होती : पाचवे-सहावे शतक, बौद्ध, नऊ गुंफा. पंधरा मिनिटांत फोटो निघाले आणि सहल बसमध्ये. त्यांना काय बोलावे? आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी वीस मिनिटे घेतली, एवढाच फरक.

आता ह्याच भिंतीचा दुसरा धडा पाहा. हा प्रदेश ग्वाल्हेर संस्थानात होता, तेव्हा १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर ह्यांना चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी इथे बोलावले होते. भोसले, आपटे, भांड, जगताप हे चित्रकारही ह्या कामात होते. शतकानुशतकांच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीसमोर बसून रेषा कुठून निघते, कुठे वळते, कुठे पुसली गेली आहे हे त्यांना शोधावे लागले. प्रतिकृती करणे म्हणजे आधी पाहणे. हात चालतो तो नंतर. आज मूळ चित्र आपल्या डोळ्यांपुढून गेले आहे आणि त्याचे रूप आपल्याला बरेचसे कळते ते त्या पाहण्यामुळेच.

त्यांतले एक दृश्य नृत्याचे आहे. मधोमध नर्तन करणारी एक व्यक्ती आणि तिच्याभोवती सात स्त्रिया. कोणाच्या हाती मृदंग, कोणाच्या हाती झांजा, कोणाच्या हाती लहान दांडकी. शेजारीच असा दुसरा गट. सातवीच्या मुलांपुढे ह्या चित्राची मोठी प्रत टांगावी आणि दहा मिनिटे वर्गात कोणी बोलू नये, गुरुजींनी तर नाहीच. मग एकच प्रश्न विचारावा : ह्या क्षणी टिपरी वाजली आहे की वाजायची आहे? मुले हात पाहतील, कोपरे पाहतील, माना कुठे कलल्या आहेत ते पाहतील, भांडतील. आमच्याकडची मुले टिपऱ्या ओळखतात, कन्नड घरांतली मुले कोलाट ओळखतात. बागच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना तर घेर धरून नाचणे नवे नाही. तासाच्या शेवटी पाचवे शतक सांगितले तरी चालेल. तोवर त्यांना ते ऐकण्याची गरज निर्माण झालेली असेल.

बाग गावातच ठशांच्या छपाईचे कारखाने आहेत. हे काम करणारी खत्री कुटुंबे मूळची सिंधकडची. मारवाडमार्गे ती ह्या भागात आली आणि गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात बागला स्थिरावली. कापड आधी खारवायचे : मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या. मग हिरड्याचे पाणी. लोखंडाच्या गंजापासून काळा, तुरटीपासून लाल. ठसे मारून झाले की कापड वाहत्या नदीत धुवायचे आणि अलिझरीन व धावड्याची फुले घालून तांब्याच्या भांड्यात उकळायचे. छापताना लाल लाल दिसतच नाही. तो उकळल्यावर उमटतो. तेव्हा कारागिराला आज जे दिसत नाही ते उद्या कसे दिसेल हे डोळ्यासमोर ठेवून ठसा उचलावा लागतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा ही नजर घरी बसून, बघून शिकतो. 'रसिकता ही उपजतच असावी लागते' असे आमच्या प्राध्यापक-कक्षात वारंवार ऐकू येते. ते म्हणणाऱ्यांनी एकदा त्या भट्टीपाशी उभे राहावे.

पण प्रत्येक गावी बाग कुठून आणणार, असे कोणी विचारील. नको आणायला. कुमार गंधर्व आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ साली जन्मलेले, घरची भाषा कन्नड. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला गेले. ज्याचे गाणे साऱ्या देशाने ऐकले होते, त्याला कित्येक वर्षे गाता येणार नव्हते. त्या अंथरुणावर त्यांनी काय केले? ऐकले. रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी, तीन-चार स्वरांत फिरणारी, त्यांनी मन लावून ऐकली आणि स्वरबद्ध करून ठेवली. लोकधुनांतूनच राग निघतात हा त्यांचा विचार तिथे रुजला आणि त्यातून त्यांचे धुनउगम राग आले. 'अनूपरागविलास' १९६५ साली प्रसिद्ध झाले. एवढा मोठा गवई बायकांच्या गाण्याला कान देतो, तर आमच्या शाळेतल्या मुलीला तिच्या आजीची जात्यावरची ओवी किंवा बीसुव पद वर्गात म्हणायला लावून, ही ओवी किती स्वरांत फिरते, हे पेटीवर शोधायला काय हरकत आहे? पेटी बहुतेक शाळांत असते, कपाटात कुलूपबंद का असेना.

धोरणांत हे सारे आहेच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला, २०२० च्या धोरणाने कला इतर विषयांत मिसळायला सांगितले. वर्गात मात्र चित्रकलेचा तास हा गणिताच्या सरांनी जानेवारीत उसना घेतलेला तास असतो, आणि उसना घेतलेला तास कधी परत आल्याचे ऐकिवात नाही. म्हणून कोणी म्हणतात, गुण ठेवा, मग तास टिकेल. माझा ह्याला विरोध आहे. गुण ठेवले की टिपरी वाजली की वाजायची आहे ह्याचे 'योग्य उत्तर' ठरेल, आणि योग्य उत्तर ठरले की चित्राकडे पाहायचे कारणच उरत नाही. तास टिकवायचा तर तो मुख्याध्यापकांनी टिकवावा.

आमच्या महाविद्यालयातून दरवर्षी कितीतरी विद्यार्थी बी. एड. करून बेळगाव-खानापूरच्या शाळांत जातात. त्यांच्यासाठी मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून आठवड्याला एक तास चालवावा अशी माझी सूचना आहे. त्या तासाला एक चित्र किंवा एक ध्वनिमुद्रण घ्यावे, आधी मौन आणि मग बोलणे. हजेरी नको, टिपणे नकोत. पहिल्या तासाला कुमारांचे माळवी गाणे लावू आणि दुसऱ्याला सुळेभावीला जाऊ. तिकडे जाणारी गाडी बेळगावहून सुटते आणि तासाभराच्या आत पोहोचते.