वैद्यकीय निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांच्या नियमनाचा फेरआढावा घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

मार्फत : मा. सहआयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, पुणे विभाग

विषय : थर्मल कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होणाऱ्या आरोग्य तपासण्यांवर, विशेषतः शिबिरांतील स्तन तपासणीवर, परिणामकारक नियंत्रण आणणे व या उपकरणांच्या वर्गवारीचा फेरआढावा घेणे.

संदर्भ : १) औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४०
२) वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७
३) केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची दि. ११ फेब्रुवारी २०२० ची अधिसूचना

महोदय,

आम्ही मौजे केंदूर (ता. शिरूर, जि. पुणे) येथील ग्रामस्थ आणि महिला बचत गटांच्या सदस्या हे निवेदन सादर करीत आहोत.

शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपून पडद्यावर लाल, पिवळे, हिरवे, निळे चित्र उमटवणारा थर्मल कॅमेरा पूर्वी विजेची पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर कुठे तापले आहेत हे पाहायला वापरला जाई. आज तोच प्रकार स्तनाचा कर्करोग, मधुमेहींचे पाय, सांधेदुखी, रक्ताभिसरण अशा नाना कारणांसाठी पुढे केला जातो. ‘किरणोत्सर्ग नाही, स्पर्श नाही, वेदना नाही’ ही त्याची जाहिरात. खेड्यातल्या बाईला ती साहजिकच पटते. परक्या माणसापुढे तपासणीला उभे राहण्याचा संकोच, मॅमोग्राफीसाठी पुण्याला जाण्यात बुडणारी रोजंदारी, एसटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ, हे सगळे वाचणार असेल तर कोण नको म्हणेल?

आमचा यंत्राला विरोध नाही, हे आधीच नोंदवतो. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक तिथे उभी राहिली. या भागातल्या मुलांनी लोखंडी पट्ट्या जोडून घुमट उभारले आहेत. त्यामुळे नवे तंत्र दिसले की बिचकणारा हा परिसर नाही. मात्र यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही, हे विचारायची सवय इथे आहे. तोच प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

सोनोग्राफी यंत्राची नोंदणी गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली होते. त्याचा फलक लावावा लागतो, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म भरावा लागतो, पथक येऊन तपासणी करते. एक्स-रे आणि मॅमोग्राफीला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. थर्मल कॅमेरा किरण सोडत नाही आणि गर्भही दाखवत नाही, म्हणून तो या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहतो. ज्या गुणामुळे तो निर्धोक म्हणून विकला जातो, त्याच गुणामुळे त्याच्याकडे कोणी निरीक्षक फिरकत नाही. उरतात ते फक्त २०१७ चे वैद्यकीय उपकरणे नियम, आणि त्यांचा मुख्य रोख बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. गावच्या सभामंडपात टेबल मांडून तपासणी करणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

२०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आली. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, ‘क’ आणि ‘ड’ वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना आपले प्रशासन देते, उरलेल्यांचा आणि आयातीचा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना. इथवर व्यवस्था चांगली आहे. पण वर्ग ठरतो तो उत्पादकाने लिहून दिलेल्या उद्देशित वापरावरून. कागदावर ‘इतर तपासण्यांसोबत पूरक माहिती’ असे लिहिले की धोका कमी दिसतो. शिबिराच्या फ्लेक्सवर मात्र ‘कर्करोगाचे निदान’ असे छापता येते. कागद आणि फ्लेक्स यांमधले हे अंतर मोजणारी यंत्रणा आम्हाला कुठे दिसत नाही, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे.

त्यात ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने ‘अ’ वर्गातील निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. उद्या एखाद्याने ‘आमचा कॅमेरा नुसते चित्र दाखवतो, मोजमाप करत नाही’ असे म्हणून याच दारातून बाहेर पडायचे ठरवले तर त्याला अडवणार कोण? पडद्याच्या कोपऱ्यात अंश सेल्सिअसचा आकडा झळकत असेल तर ते मोजमापच आहे, असे आमचे साधे म्हणणे आहे.

आता यंत्राच्या मर्यादांविषयी थोडे सविस्तर. औद्योगिक थर्मल कॅमेरा शेजारशेजारच्या दोन ठिकाणांमधला अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक टिपू शकतो. पण प्रत्यक्ष तापमान सांगताना अशा कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकातच साधारणपणे दोन अंश कमी-जास्तीची मुभा लिहिलेली असते. तापलेला नटबोल्ट शोधायला हे पुरते. माणसाचा ताप ठरवायचा तर सदतीस आणि एकोणचाळीस यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. शिवाय कॅमेरा पाहतो ती कातडी. कातडीचे तापमान खोलीवर, वाऱ्यावर, घामावर, नुकत्याच घेतलेल्या चहावर, पाळीच्या दिवसांवर बदलते. ताप तपासण्याच्या थर्मल कॅमेऱ्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की खोली २० ते २४ अंशांवर असावी, आर्द्रता ५० टक्क्यांखाली असावी, थेट ऊन किंवा वारा नसावा, आणि एका वेळी एकाच व्यक्तीच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे कॅमेरा रोखावा. ही सूचना आम्ही वाचली आणि आमच्या गावचा एप्रिल डोळ्यांपुढे आणला. उन्हाळी कांद्याची काढणी चालू, बाया सकाळपासून उन्हात वाकलेल्या, शिबिर पत्र्याच्या शेडमध्ये, वीज आहे तर पंखा आणि नाही तर तोही नाही. खोलीचे तापमान कातडीच्या तापमानाला येऊन टेकले की चित्रातला फरकच पुसट होतो. अशा ठिकाणी काढलेल्या रंगीत चित्रावरून कोणाला ‘तुम्ही ठीक आहात’ असे सांगणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

करोनाच्या काळात याचा अनुभव साऱ्या महाराष्ट्राने घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक थर्मल गन व ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. इकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांच्या कपाळावर तीच गन रोखली जाई. दुचाकीवरून उन्हात आलेल्याचा आकडा जास्त, थंडीत पहाटेच्या पाळीला आलेल्याचा कमी, हे बंदूक धरणारालाही कळत होते आणि तपासून घेणारालाही. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये तेथील प्रशासनाने थर्मल कॅमेऱ्यांच्या चुकीच्या वापराबद्दल जनतेला सावध केले आणि काही कंपन्यांना इशारापत्रे पाठवली. त्या काळात आपल्याकडे आलेले हजारो कॅमेरे आता कुठे आहेत आणि कशासाठी वापरले जात आहेत, याची नोंद असायला हवी.

सगळ्यांत गंभीर बाब स्तनाच्या कर्करोगाची. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. थर्मोग्राफीचा प्रयत्न यात नवा नाही. १९५६ साली माँट्रियलचे डॉ. रे लॉसन यांनी कर्करोगाच्या गाठीवरची त्वचा अधिक उष्ण असल्याचे नोंदवले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या स्तन तपासणी प्रकल्पात मॅमोग्राफी आणि हाताच्या तपासणीबरोबर थर्मोग्राफीही ठेवली होती. तिने इतके कर्करोग हुकवले की पुढे ती प्रकल्पातून काढावी लागली. १९८२ पासून अमेरिकेत हे उपकरण केवळ पूरक म्हणून मान्य आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील प्रशासनाने पुन्हा जाहीर केले की थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. अलीकडे भारतातही कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देऊन या चित्रांचे विश्लेषण होते. ते पूर्वीपेक्षा सरस असेलही, पण ते प्रत्येक उपकरणाने आपल्याच पुराव्यावर सिद्ध करावे. एकाचा शोधनिबंध दुसऱ्याच्या माहितीपत्रकावर चालणार नाही.

आम्हाला खोट्या धास्तीपेक्षा खोट्या दिलाशाची भीती अधिक वाटते. लाल चित्र आले तर बाई कर्ज काढून का होईना ससूनला जाईल, तपासणी होईल, सुटेल. हिरवे चित्र आले आणि काखेतली गाठ तिने सहा महिने ‘मशीनने ठीक सांगितले आहे’ म्हणून अंगावर काढली, तर ते सहा महिने तिला कोण परत देणार?

स्वस्त, किरणविरहित आणि गावात करता येण्याजोगा पर्याय आपल्याच राज्यात सिद्ध झाला आहे, म्हणून तर ही हळहळ जास्त. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासणी केली, तर आजार लवकरच्या टप्प्यात सापडतो आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटतात, असा त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या स्त्रियांसाठी हाताच्या तपासणीचीच तरतूद आहे. ही तपासणी नियमित झाली तर रंगीत चित्रांची निम्मी बाजारपेठ आपोआप आटेल. (हा विषय आपल्या नव्हे तर आरोग्य विभागाच्या अखत्यारीतला आहे, याची कल्पना आहे. म्हणून प्रत तिकडेही देत आहोत.)

यंत्राची दुसरी बाजूही नोंदवतो. मधुमेही रुग्णाच्या दोन्ही पावलांच्या समान जागी २.२ अंशांहून अधिक फरक टिकून राहिला तर तिथे जखम होण्याचा धोका असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. इथे तुलना त्याच माणसाच्या दोन पायांची असल्याने खोलीच्या तापमानाचा घोळ बराच कमी होतो. अशा वापराला उत्तेजन मिळावे.

वरील परिस्थितीत आमच्या मागण्या अशा :

पहिली आणि मुख्य मागणी अशी की, मानवी तपासणीसाठी विकल्या जाणाऱ्या सर्व थर्मल कॅमेऱ्यांच्या आणि त्यांच्या विश्लेषण प्रणालींच्या वर्गवारीचा फेरआढावा घेण्याची शिफारस आपण केंद्रीय संघटनेकडे करावी. कर्करोगाचा दावा करणारे कोणतेही उपकरण, मग ते ‘पूरक’ म्हणवत असले तरी, ‘क’ वर्गाच्या खाली ठेवू नये. मोजमाप न करणारे म्हणून परवान्यातून सूट यातील एकालाही देऊ नये.

दुसरी, मंजूर उद्देशित वापराचे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, यंत्रावर, शिबिराच्या फलकावर आणि रुग्णाला मिळणाऱ्या अहवालावर छापणे बंधनकारक करावे. अहवालाखाली ‘ही मॅमोग्राफी नाही, गाठ लागत असेल तर हा अहवाल काहीही असो, डॉक्टरांना दाखवा’ ही ओळ असावी.

तिसरी, पुणे विभागात अशा उपकरणांची यादी करून परवाना अथवा नोंदणी क्रमांकासह जाहीर करावी. औद्योगिक कॅमेरा माणसांवर वापरला जात असल्यास तो जप्त करावा.

चौथी, शिबिरांच्या जाहिराती औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कसोटीवर तपासाव्यात. त्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आणि मधुमेह दोन्ही आहेत, आणि कलम ३ मध्ये उपचाराबरोबर निदानाचाही उल्लेख आहे.

पाचवी, थर्मल तपासणीच्या शिबिरात हाताने स्तन तपासणी करणारी प्रशिक्षित स्त्री आणि पुढील तपासणीसाठी ठरलेले रुग्णालय असल्याशिवाय परवानगी देऊ नये, अशी सूचना आपण व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी मिळून ग्रामपंचायतींना द्यावी. सभामंडप, शाळा, समाजमंदिर यांच्या चाव्या अखेर ग्रामपंचायतीकडेच असतात.

सहावी, हुकलेल्या निदानाची तक्रार देशाच्या उपकरण-दक्षता कार्यक्रमात कशी नोंदवायची, याचा एक पानी मराठी नमुना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावा. हा कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. गावात तो कोणाला माहीत नाही.

सातवी मागणी थोडी वेगळी आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सहभागातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर वाचले गेले. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा आणि टाटा रुग्णालयाचा त्यात वाटा होता. थर्मल उपकरणांचा दावा खरा असेल तर त्याचीही तशीच चाचणी ग्रामीण महाराष्ट्राच्या उन्हात आणि पत्र्याखाली, नैतिकता समितीच्या मंजुरीने, संमतीपत्र घेऊन आणि विनाशुल्क व्हावी. त्यासाठी केंदूर आणि परिसरातील गावे सहकार्य करतील. पैसे घेऊन, संमती न विचारता होणारी चाचणी मात्र आम्हाला मान्य नाही.

विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमातील मुदत लक्षात घेता, आपल्या अखत्यारीतील दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीवर ४५ दिवसांत निर्णय घेऊन लेखी कळवावे. उर्वरित मागण्या कोणत्या कार्यालयाकडे पाठवल्या, त्याचा जावक क्रमांकही कळवावा. आपले अधिकारी शिरूरला आल्यास आम्ही म्हणणे मांडण्यास समक्ष हजर राहू.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ व महिला बचत गटांच्या सदस्या,
केंदूर, ता. शिरूर, जि. पुणे
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. औषध महानियंत्रक (भारत), नवी दिल्ली
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. तालुका आरोग्य अधिकारी, शिरूर
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, शिरूर