गाईडचा जनक मेकॉले नव्हे

समानार्थी शब्द लिहा, वाक्यरूपांतर करा, कवितेचा आशय सांगा. शालेय इंग्रजीतील या साचेबद्ध प्रश्नोत्तरांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर आरोपीच्या पिंजऱ्यात एकच नाव उभे केले जाते : मेकॉले. ‘कारकून घडवण्यासाठी त्यानेच ही घोकंपट्टी आणली’ हे विधान इतके फिरले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही.

२ फेब्रुवारी १८३५ च्या त्याच्या टिपणात मागणी आहे ती दुभाष्यांच्या वर्गाची. वर्णाने भारतीय, अभिरुचीने इंग्रज. टिपण उद्धट आहे, यात वाद नाही. (त्याच तारखेचे ‘भारतात एकही भिकारी दिसला नाही’ हे अवतरण मात्र निखालस बनावट.) कारकुनीचे मूळ शोधायचे तर १८४४ कडे पाहावे लागते. सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंजने केला. मेकॉले तोवर विलायतेस परतून सहा वर्षे झाली होती.

मग मेकॉले निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही, पण त्याचा खरा अपराध वेगळा आहे आणि तो आकड्यांत मांडलेला आहे. सनदी सेवेच्या स्पर्धा परीक्षेसाठी १८५४ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास यांना मिळून १५०० गुण सुचवले. लॅटिन व ग्रीक प्रत्येकी ७५०, संस्कृत व अरबी प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करायचे, त्याच्या अभिजात भाषेची किंमत लॅटिनच्या निम्मी! गंमत अशी की ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडले. साहित्य गुणांत मोजण्याची विद्या साम्राज्याच्या परीक्षेत आधी रुजली.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. पदवीला नोकरी बांधलेली, नोकरीला परीक्षा. मग पुस्तक वाचण्यापेक्षा त्यावरील तयार उत्तरे पाठ करणे हाच शहाणपणा ठरला. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने नेमके हेच दुखणे नोंदवले : अध्यापन परीक्षेचे दास झाले आहे.

आणि त्याच इंग्रजीचे दुसरे फळही याच काळातले आहे. वडील कृष्णशास्त्री यांच्याकडून अपुरे राहिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुरे केले. जॉन्सन-मेकॉलेंच्या वाचनावर पोसलेल्या याच लेखणीने १८७४ पासून ‘निबंधमाला’ लिहिली, आणि इंग्रजी सत्तेलाच अंगावर घेतले. ती सत्ता जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. दुकानांत ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांच्या चळती आजही लागतात. त्या छापणारे, विकत घेणारे आणि त्यांतूनच प्रश्न काढणारे, तिघेही स्वतंत्र भारताचे नागरिक आहेत.